जुन्या पेटीचा जीर्णोद्धार

बारडोलीच्या मातीत वाढलेल्या माणसाला आणखी काही येवो न येवो, हिशेब विचारणे निश्चित येते. सरकारने येथील शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ साली शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली तो भरण्याचे साफ नाकारले. आणि पुढे चौकशी होऊन ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. हा धडा वर्गात शिकवता शिकवता माझ्या अंगात इतका मुरला आहे, की भाजीवाल्यापासून जावयापर्यंत कोणीही आकडा सांगितला की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, तो "कसा?" त्यामुळे २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, माझ्याजवळ आठ हजार रुपये साठले आहेत. त्यांत घरातला जुना कॉम्प्युटर गेम खेळण्याजोगा करून घेऊ का?", तेव्हा मी हो किंवा नाही काहीच न म्हणता त्याच्यापुढे एक शंभर पानी वही ठेवली.

हा भाचा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण नवापूरला असते. ज्या गावचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, तेच हे नवापूर. मेहुण्यांचा स्वतःचा एक ट्रक आहे. हजिऱ्याहून माल भरायचा आणि बारडोली, व्यारा, सोनगड, धुळे करीत नागपूरच्या दिशेने जायचे, हा त्यांचा नित्यक्रम. महिन्यातील वीस दिवस तरी ते रस्त्यावरच असतात. मुलाच्या शिक्षणाची आबाळ होऊ नये म्हणून दहावीनंतर त्याला आमच्याकडे आणून अकरावीस विज्ञान शाखेत घातले. मुलगा अबोल, पण उद्योगी. दोन उन्हाळे एका झेरॉक्सच्या दुकानात उभे राहून त्याने हे पैसे साठवले होते. त्यामुळे ते कशावर खर्च करावेत, हे सांगण्याचा मला तसा अधिकार नव्हता. परंतु मास्तर मंडळी अधिकाराची वाट थोडीच पाहतात!

शाळेच्या प्रार्थनासभेत मोबाइलवरील खेळांविरुद्ध मी आजवर केलेली भाषणे एकत्र केली तर एक लहानसा ग्रंथ सहज होईल. बंदुका, रक्तपात, रात्रीची जागरणे, हे सारे मुद्दे मनाशी जुळवून मी विचारले, "कोणता खेळ?"

"ट्रक चालवायचा."

मी थबकलो. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा प्राग येथील एका कंपनीने २०१२ साली काढलेला खेळ. त्यात बंदूक नाही, मारामारी नाही. युरोपातील एका गावाहून माल उचलायचा आणि तो न मोडता दुसऱ्या गावी पोहोचवायचा. तांबडा दिवा तोडला तर दंड होतो, डिझेल संपत आले तर पंप शोधावा लागतो, फार वेळ चालवले तर झोप अनावर होते. स्वतःचा ट्रक घ्यायचा असेल तर बँकेचे कर्जही काढावे लागते. माझ्या ग्रंथात या खेळाविरुद्ध एकही प्रकरण सापडेना. शिवाय ज्याचा बाप महिन्यातले वीस दिवस दिसत नाही, तो मुलगा हाच खेळ का निवडतो, हे समजण्याइतके शहाणपण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाजवळ असावयास हरकत नाही.

आता त्या संगणकाविषयी. कन्येच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी २०१२ साली तो घेतला होता. ती शिकली, नोकरीला लागली, संसाराला लागली, आणि पेटी आमच्या माजघरात फुलाफुलांच्या रुमालाखाली पडून राहिली. उघडली तेव्हा आत साखर कारखान्याच्या धुरांड्याची काजळी आणि पालीची दोन अंडी होती. भाच्याने रंगाच्या ब्रशाने ती सारी झाडली आणि वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाची प्रकृती लिहिली. प्रोसेसर इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-५, चार गाभ्यांचा. तो अजून कामाचा, म्हणून त्याला हात लावायचा नाही. रॅम चार जीबी, एकाच पट्टीत. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची. ग्राफिक्स कार्ड नाहीच. खेळ लावला की ट्रक वळताना पडदा इतका अडखळे, की वळण संपेपर्यंत गाडी शेतात गेलेली असे.

दुसऱ्या पानावर खर्च. नवी एसएसडी १,७०० रुपये. रॅमची तशीच दुसरी जुनी पट्टी ५००. म्हणजे आठ जीबी तर होतेच, पण दोन पट्ट्यांमुळे ये-जा दोन वाटांनी होऊन वेगही वाढतो. प्रोसेसरवर लावायची पेस्ट १५०. आणि चार जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय हे वापरलेले ग्राफिक्स कार्ड ५,२००. हे कार्ड २०१६ सालचे. ते मदरबोर्डाच्या खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत वीज घेते, बहुतेकांना वेगळी तार लागत नाही, म्हणून जुन्या पेट्यांना ते मानवते. वापरलेली कार्डे स्वस्त का, असे मी अर्थातच विचारले. तेव्हा कळले की २०२१ च्या सुमारास आभासी चलन 'खणण्यासाठी' लोकांनी कार्डांचा बाजार उठवून नेला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने ती खणण्याची पद्धतच बंद केली आणि दिवसरात्र राबलेली कार्डे बाजारात परत आली. म्हणून वापरलेले कार्ड घेताना ते दुकानात अर्धा तास चालवून, पंखा आणि उष्णता पाहूनच घ्यावे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाती शून्य. जुन्या विंडोज ७ वर हे खेळ पुरवणारी 'स्टीम' ही सेवा १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली होती, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. तेव्हा भाच्याने फुकट मिळणारे लिनक्स मिंट घालायचे ठरवले होते. हा खेळ त्यावर उत्तम चालतो. (या किमती २०२४ च्या आहेत हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना लागणाऱ्या मेमरीपायी २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडी दोन्ही बरीच महागली.)

बेरीज ७,५५०. मी मनातून खूष झालो. पण पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: "एसएमपीएस, चांगल्या कंपनीचा, ४५० वॅट, २,४००."

एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन ती संगणकाला पचेल अशी करून देणारी, पाठीमागची पंखा असलेली पेटी. ती तर आमच्या संगणकात होतीच, आणि तिच्यावर '४५० वॅट' असे ठळक छापलेलेही होते. मी चष्मा लावून ते त्याला वाचून दाखवले.

"मामा, कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस आहे तो. त्यावर लिहिलेलं खरं नसतं."

छापलेले खरे नसते, हे वाक्य एका मुख्याध्यापकासमोर उच्चारण्यास धैर्य लागते. मी त्याला काटकसरीवर एक व्याख्यान दिले. अकोला जिल्ह्यातून आलेले आपले विजय भटकर. देशाला हवा तो महासंगणक बाहेरून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली साधे प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ साली 'परम' तयार झाला. असलेल्यातून निर्माण करणे यालाच म्हणतात, असा मी समारोप केला.

"पण मामा," तो हळूच म्हणाला, "त्यांनी विजेच्या बाजूला कंजुषी केली नसणार."

मग त्याने दुसरा मार्ग सुचवला. आधी एसएमपीएस, एसएसडी आणि रॅम घ्यावी. कार्ड उत्तरायणानंतर, पैसे साठले की. हा विचार खरोखर प्रौढ होता. कमी पडत होते ते अवघे १,९५० रुपये, आणि ते माझ्या कपाटात होते. परंतु उसने दिले की मुलाला सवय लागते हे माझे तत्त्व, आणि शाळा सुरू झाल्यावर खोलाखोली नको हा माझा हट्ट. "जुनाच चालेल," असे मी ठरवून टाकले. भाच्याने वहीतली शेवटची ओळ खोडली. खोडताना त्याने पट्टी वापरली, एवढे मला आठवते.

त्या पेटीत आणखी एक गोष्ट होती. माझे कै. वडीलही शिक्षकच होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणींची एक वही लिहिली होती. ती सुरतेला थोरल्या बंधूंकडे असताना ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि वही दोन दिवस पाण्यात राहिली. शाई उतरलेली पाने वाळवून, जेवढे लागले तेवढे मी वाचून दाखवले आणि कन्येने ते २०१३ साली याच संगणकावर श्रीलिपीत टंकून ठेवले. वहीची पाने नंतर एकमेकांस चिकटून गेली ती गेलीच. मजकूर उरला तो एवढाच, जुन्या हार्ड डिस्कवर.

सुट्या भागांची जोडणी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झाली. पेटी सुरू होण्यास पूर्वी माझी संध्या आटोपण्याइतका वेळ लागे. आता चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पडदा तयार. जुनी डिस्क दुसरी म्हणून आत तशीच ठेवली होती. ट्रक वळणावर वळू लागला, पावसात काचेवरचे पुसणे फिरू लागले. आमच्या सौ.सुद्धा पोळ्या टाकून बघायला आल्या. मी विजयी मुद्रेने जुन्या एसएमपीएसकडे बोट दाखवले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी 'टक्' असा आवाज झाला. पडदा काळा. आणि मग तो वास! जळक्या विजेचा वास ज्याने एकदा घेतला आहे, त्याला वर्णन नको.

सुरतेच्या दुकानदाराने एसएमपीएस उघडून मला दाखवला. "साहेब, आमां तो कंई छे ज नहीं!" खरोखरच आत फारसे काही नव्हते. त्याने माझ्या एका हातात तो ठेवला आणि दुसऱ्या हातात नवा, चांगला. दोन्हींवर ४५० वॅटच छापलेले. पण एक टोपल्यासारखा हलका आणि दुसरा वरवंट्यासारखा जड. कार्डाला खेळताना लागणारी वीज पुरवता पुरवता जुन्याने दम सोडला होता, आणि जाताना मदरबोर्ड सोबत नेला होता. जुनी हार्ड डिस्कही गेली होती. तिच्या मोटारीला १२ व्होल्ट लागतात आणि नेमकी तीच वाट भडकली होती. एसएसडी ५ व्होल्टवर चालते म्हणून वाचली. कार्ड कसे वाचले, हे दुकानदारालाही सांगता येईना.

हार्ड डिस्क गेल्याचे ऐकले आणि मी तेथील स्टुलावर बसलो. वडिलांचा आवाज दुसऱ्यांदा पाण्यात गेला होता, आणि यावेळी पूर माझ्या घरातून आला होता. भाच्याने माझ्याकडे पाहिले. "मामा, आजोबांची वही आहे. काम सुरू करण्यापूर्वीच मी दोन ठिकाणी कॉपी काढली होती. श्रीलिपीतली अक्षरं लिनक्सवर नीट दिसत नाहीत म्हणून युनिकोडमध्येही करून ठेवली आहे. जोडाक्षरं काही ठिकाणी बिघडली आहेत. ती तुम्हालाच तपासावी लागतील."

त्याने एकदाही "मी म्हटलं होतं" असे म्हटले नाही. म्हटले असते तर मला बरे वाटले असते.

वापरलेला मदरबोर्ड २,२०० आणि एसएमपीएस २,४०० असे ४,६०० रुपये मी दिले. १,९५० रुपये उसने न दिल्याचा हा खर्च. वहीत त्याची नोंद मी स्वतः केली, आणि 'कारण' या रकान्यात 'मामांची चूक' असे लिहिले. भाच्याने ते खोडायला पट्टी घेतली; मी खोडू दिले नाही. त्याचे उरलेले ४५० त्याच्याजवळच राहिले. सध्या रोज रात्री मी वडिलांच्या मजकुरातील जोडाक्षरे नीट करीत असतो. अडतीस पाने झाली आहेत. 'विद्यार्थी' हा शब्द प्रत्येक पानावर बिघडलेला आहे, आणि तो त्यांनी लिहिला आहेही फार.

उत्तरायणाच्या आदल्या रात्री मेहुणे आले. हमरस्त्यावर ढाब्यापाशी ट्रक उभा करून, पाय धुऊन, जेवून ते सहज माजघरात डोकावले, तर मुलगा ट्रक चालवतो आहे! ते खो खो हसले. मग मुलगा उठला आणि त्याने खुर्ची पुढे केली.

पहिल्या पाच मिनिटांत मेहुण्यांना दोन दंड झाले. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते, आणि पंचवीस वर्षांचा हात डावीकडेच ओढत होता. "बाबा, उजवीकडून, उजवीकडून!" माझ्या घरी आल्यापासून मुलगा इतक्या मोठ्याने प्रथमच बोलत होता. "हॉर्न कुठे आहे?" हा मेहुण्यांचा पहिला प्रश्न. तो सापडल्यावर ते स्थिरावले. मग त्यांनी मुलाला घाटात गियर केव्हा उतरवायचा, भरलेली गाडी वळणावर मागून कशी ढकलते, ब्रेकवर किती विसंबायचे, हे सांगायला सुरुवात केली. माझ्या वर्गात कोणी इतक्या एकाग्रतेने ऐकल्याचे मला स्मरत नाही.

पहाटे चारला निघायचे होते. सौ.नी दोनदा आठवण केली. साडेअकरा वाजले तरी खरा ट्रक ढाब्यापाशी थंडीत उभा होता, आणि मेहुणे जर्मनीतील कुठल्याशा पंपावर डिझेल भरीत मुलाला विचारत होते, "लिटरला काय भाव पडला रे?"