६४ किलोंचा कोपरारक्षक

आमच्या पुतण्याचे वजन हा गेले दोन महिने घरातील वादाचा विषय होऊन बसला आहे. चिरंजीव धाराशिवास महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्गात शिकतात आणि तेथील कबड्डी संघात कोपरारक्षक म्हणून खेळतात. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६४ किलो. पदवी पदरात पडताच दोन वर्षे निव्वळ खेळाला द्यावीत व प्रो कबड्डीच्या एखाद्या संघात प्रवेश मिळवावा, असा त्यांचा मानस आहे. थोरल्या बंधूंना हा विचार शुद्ध वेडेपणाचा वाटतो. आईचे मत असे की, पोर दोन वेळा पोटभर जेवेल तर प्रश्नच उरणार नाही!

प्रथम व्यवहार पाहू. ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली आणि २०१७ पासून तीत १२ संघ आहेत. एका संघात फार तर २५ खेळाडू धरले, तरी साऱ्या देशातून, आणि इराणसारख्या परदेशांतूनही, येणाऱ्यांसाठी जागा तीनशेच. २०२४ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. हा आकडा ऐकून वहिनींचा विरोध बराच मवाळ झाला. परंतु किंमत ठरलेली असणे निराळे आणि कोणी बोली लावणे निराळे.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा मुलाला खाशाबा जाधवांचा दाखला देतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबांना किरकोळ अंगाचे म्हणून आधी कुस्तीच्या स्पर्धेत उतरू देईनात, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढे १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. खाशाबांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण हा दाखला येथे लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हेलसिंकीस ते ५७ किलोंच्या गटात लढले, म्हणजे समोरचा गडीही तेवढ्याच वजनाचा होता. कुस्तीने लहान देहाला न्याय दिला आहे, कबड्डीने तो दिलेला नाही. येथे पुरुषांना ८५ किलोंची वरची मर्यादा आहे, खालची कोणतीच नाही. ८४ किलोंचा चढाईपटू अंगावर आला म्हणजे आमच्या ६४ किलोंना वीस किलोंची तूट स्वतःच भरून काढावी लागते.

पुतण्याने स्वतः शोधून आणलेला दाखला मात्र मला अधिक पटला. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो धसमुसळा खेळ आहे, त्यात आघाडीच्या फळीतील गडी १४० किलोंचे असतात. तेथे जेसन केल्सी नावाचा खेळाडू १३० किलोंच्या आत भरला, म्हणून त्याला अंगाने कमी समजत. (आईला हे सांगितले तेव्हा तिने कपाळावर हात मारला.) २०११ च्या निवडीत त्याचे नाव सहाव्या फेरीत पुकारले गेले, पुढे तो फिलाडेल्फियाच्या संघातून तेरा हंगाम खेळला. त्याची जागा फळीच्या ऐन मध्यावर होती. तेथूनच चेंडू मागे देऊन प्रत्येक डाव सुरू होतो, आणि समोरच्यांचा बेत ओळखून क्षणात हलणाऱ्याला तेथे वजनाची उणीव काही अंशी भरून काढता येते.

कबड्डीत तशी जागा कोपऱ्याची. मध्यरक्षकाला खांद्याने धडक देऊन गडी मैदानाबाहेर लोटायचा असतो. तेथे हलक्या माणसाचा निभाव लागणे कठीण. कोपरारक्षकाचे मुख्य शस्त्र म्हणजे घोट्याची पकड. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे वळतो, त्या निमिषात खाली झेपावून घोटा धरायचा आणि शेजारचा गडी मदतीस येईपर्यंत सोडायचा नाही. बुटक्याला वाकावे कमी लागते. पण पकड निमिषभर आधी पडली तर हात रिकामा, उशिरा पडली तर गुण प्रतिपक्षाला. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता साधलेली पकड दोन गुणांची होते. आमचा मुलगा अशाच वेळी अधिक खुलतो, हे मी पाहिले आहे.

तरीही एका निवडचाचणीत वजनकाटा पाहूनच त्याला बाजूस बसविण्यात आले. आमचे तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून त्यांनी कच्चे मडके कोणते ते सांगितल्याची कथा येथे लहान मुलांनाही ठाऊक आहे. काकांनी निदान थापटून तरी पाहिले!

शेजारी सुचवितात की त्याने खो-खोकडे वळावे. आमचा जिल्हा त्या खेळाचे माहेरच. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे इथल्याच. पण विसाव्या वर्षी नवा खेळ नव्याने शिकून त्यांच्या पंक्तीस बसता येत नाही.

बंधूंना मी माझे मत सांगितले आहे. लिलावावर भिस्त ठेवू नये. राज्याच्या संघाकडे लक्ष ठेवावे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि राज्याकडून गाजलेल्या खेळाडूकडे व्यावसायिक संघांचेही लक्ष जाते. सकाळी सराव आणि रात्री स्पर्धापरीक्षेचा अभ्यास, अशा अटीवर बंधूंनी एक वर्ष मान्य केले आहे. पुतण्या अजून दोनच मागतो आहे, आणि वहिनी कोणाच्या बाजूच्या हे उघड करीत नाहीत.