धूळ खाणारे यंत्र

आमच्या धर्मापुरीत धुळीला तोटा नाही. उन्हाळ्यात रानातली काळी माती भेगाळते, वारा सुटतो आणि सकाळी झाडलेल्या सतरंजीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. माझ्या अम्मीला दमा आहे. झाडू मारला की धूळ उडते आणि तिचा खोकला सुरू होतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी पगारातून थोडे थोडे पैसे साठवून मी एक व्हॅक्यूम क्लीनर आणला.

पहिल्या दिवशी गल्लीतली मुले तो पाहायला जमली. यंत्राने सतरंजीवरची धूळ भराभर गिळली. अम्मी खूश झाली. यंत्र आणले, आता माझे काम संपले, असे मला वाटले.

काही महिन्यांनी यंत्राचा आवाज चिरका झाला. ते तापू लागले. कचरा ओढण्याऐवजी पुढे ढकलू लागले. अम्मी म्हणाली, "बेटा, याचा श्वास कोंडलाय. माझ्यासारखाच."

मी हसलो, पण तिने बरोबर ओळखले होते. या यंत्रात मोटारीवरचा पंखा वेगाने फिरतो. आतला हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धूळ घेऊन नळीतून आत धावते. पिशवीच्या बारीक छिद्रांतून हवा निघून जाते, धूळ मागे राहते. तीच हवा पुढे मोटारीला थंड ठेवते. छिद्रे बुजली की ओढ कमी होते आणि मोटार तापते.

ईदच्या आदल्या दिवशी मी पिशवी बाहेर काढली. ती उशीसारखी फुगली होती. मी ती अंगणातच झटकली. वारा कुठून कुठे वाहतो आहे, हे पाहिलेच नाही. ओसरीवर अम्मी शीरखुर्म्यासाठी खारका कापत बसली होती. सगळी धूळ तिच्या अंगावर गेली. डॉक्टरांनी दिलेले ओढायचे औषध घेऊनही तिला लवकर आराम पडला नाही. त्या चांदरातीला आमच्या घरातून कोणी चंद्र पाहायला गच्चीवर गेले नाही.

दुसरी चूक मी घाईत केली. स्पंजाची गाळणी धुतली आणि ओलीच बसवली. तिच्यावर धुळीचा चिखल झाला, कुबट वास सुटला. मोटार वाचली, हे नशीब!

पुढे एका पुस्तकात वाचले की हे यंत्र घराघरांत पोहोचण्यामागेही एका दमेकऱ्याची धडपड आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करीत. धुळीने त्यांचा दमा वाढे. त्यांनी पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीची खोळ जोडून यंत्र बनवले. १९०८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. उशीची खोळ! ती ते कुठे झटकत असतील, असा प्रश्न माझ्या मनात आला.

आता रविवारची सकाळ त्या यंत्राची असते. आधी बटण बंद करून प्लग काढतो. ब्रशाला गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापतो. नळी उजेडाकडे धरून आरपार पाहतो. एकदा तिच्यात खारकेची बी अडकलेली निघाली. गाळणी धुतली तर पूर्ण दिवस सावलीत वाळवतो. मग तोंडाला रुमाल बांधून पिशवी घराच्या मागे, लिंबाच्या झाडापलीकडे नेतो.

तेवढ्यात आतून अम्मीचा आवाज येतो, "वारा कुठला आहे रे?"

"पश्चिमेचा, अम्मी."

मग ती तिकडची खिडकी लावून घेते.