मे महिन्यातली मुळशी
मुळशी म्हटलं की धुकं, धबधबे आणि भाजलेली कणसं! पण आई-बाबा आणि मुलांना गाडीत घालून एकदा मे महिन्यात निघा. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट मागे टाकत सकाळी लवकर कासार आंबोली गाठा (सिंधुदुर्गातली थंड हवेची आंबोली वेगळी!). इथून पौडकडे जाताना बंगले, शेड्स विरळ होतात आणि पिवळंधमक माळरान सुरू होतं. वाटेत करवंदं दिसली तर घ्या, घासाघीस नको.

धरणापाशी थांबा. उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठची माती उघडी पडते. टाटांच्या या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये, अशाच रणरणत्या उन्हात, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यातून. लढा १९२४ पर्यंत चालला, तरी धरण झालंच. गावं आणि भातखाचरं बुडाली, त्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि मुंबईला उजेड मिळाला.

मुलांना ही गोष्ट काठावरच सांगा. पावसाळ्यातल्या गर्दीत ती ऐकणार कोण?

टोप्या आणि भरपूर पाणी सोबत हवंच. जलाशयात मात्र उतरू नका.