प्रत ताजी ठेवण्याविषयी

मराठी घेऊन एम.ए. केलेल्या माणसाला 'प्रत' हा शब्द साधा वाटत नाही. पोथीची प्रत, मुद्रणप्रत, संहितेची शुद्ध प्रत अशा अनेक रूपांनी तो विद्यार्थिदशेत आमच्या मागे लागला आणि अध्यापनातही सोबत राहिला. या मालिकेत आता कागदाशी संबंध नसलेली आणखी एक प्रत आली आहे. संगणकाची संपूर्ण कार्यप्रणाली एकाच फाइलीत बांधून ठेवतात, तिला डिस्क इमेज म्हणतात. ती पेनड्राइव्हवर उतरवली की कोणताही बंद पडत चाललेला संगणक नव्याने उभा करता येतो. रामदासपेठेतील आमच्या घरी उबुंटू आणि डेबियन या दोन लिनक्स प्रणालींच्या अशा प्रती आहेत, आणि त्या शिळ्या होऊ न देणे हे आम्हां दोघांचे नित्यकर्म झाले आहे.

याला कारण आमचे विद्यार्थी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. ज्यांचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांनी ते भंगारात काढावे की काय, हा प्रश्न गडचिरोली-चंद्रपूरकडून नागपुरात शिकायला आलेल्या मुलांपुढे अगदी रोकडा आहे. लिनक्सवर ती यंत्रे अजून काही वर्षे चालतात, आणि युनिकोड देवनागरीत प्रबंध टंकित करण्याएवढे काम तर ती सहज करतात. म्हणून मुले प्रत मागायला येतात. अशा वेळी वर्षभरापूर्वीची प्रत हाती दिली, तर वरकरणी काही बिघडत नाही. परंतु संगणक सुरू होताच वर्षभराच्या साऱ्या दुरुस्त्या एकदम मागू लागतो, आणि तो भार त्या मुलाच्या मोबाइलच्या डेटावर पडतो. शिवाय त्या उतरेपर्यंत यंत्र जुन्या, जगजाहीर झालेल्या दोषांसह उघडे राहते. प्रत देणाऱ्याच्या आळसाची किंमत घेणाऱ्याने मोजावी, हे आम्हांला रुचत नाही.

ताजी प्रत मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे नवी फाइल समूळ उतरवून घेणे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे किती कष्टाचे होते, ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. उबुंटूची इमेज तेव्हा एका सीडीत मावावी म्हणून सातशे मेगाबाइटच्या आत ठेवीत. ब्रॉडबँडच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात मोजणी होत नसे. सेकंदाला २५६ किलोबिट या वेगाने सातशे मेगाबाइट उतरायला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे ती सवलतीची रात्र नेमकी अपुरी पडे! उबुंटूवाले २०११ पर्यंत टपालाने मोफत सीडी पाठवीत, ती सोय त्यामुळेच मोलाची होती. आज वेग वाढला. पण इमेजही फुगून सहा गिगाबाइटच्या आसपास गेली. दीर्घ पाठिंब्याच्या उबुंटूची सुधारित आवृत्ती साधारणतः सहा महिन्यांनी निघते, डेबियनची स्थिर आवृत्ती दर दोनेक महिन्यांनी. दर खेपेस सगळे नव्याने आणणे म्हणजे चार ओव्यांचा पाठ बदलला म्हणून अख्खी ज्ञानेश्वरी पुन्हा लिहून काढण्यासारखे आहे.

पाठचिकित्सेची परंपरा याबाबत शहाणी होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. त्या कामात एका पाठाचा श्लोक वर लिहून निरनिराळ्या हस्तलिखितांतील केवळ भेद त्याखाली नोंदवीत. जे समान आहे ते पुन्हा लिहायचे नाही, हे त्यामागचे सूत्र. मात्र तेथे तुलना करायच्या पोथ्या एकाच छताखाली आणता येत होत्या. आमची अडचण निराळी. जुनी प्रत नागपुरात आणि नवी दूरच्या कुठल्याशा संगणकावर. दोन्ही समोरासमोर न आणता भेद ओळखायचा कसा?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आरसिंक या प्रणालीत दिले. फाइलीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातील आकड्यांवरून एक छोटा ठसा काढायचा आणि तुकड्यांऐवजी ठसेच पाठवायचे. ठसा जुळला तर तो तुकडा आपल्याकडे आहेच. पण मुद्रितशोधन केलेल्याला येथे लगेच शंका येईल. पहिल्या ओळीत एक अक्षर वाढले की पुढचा सगळा मजकूर सरकतो. मग पानास पान लावून पाहिले तर सारेच बदललेले दिसणार. आरसिंकची खरी करामत तेथेच आहे. तिची तुलनेची चौकट एकेका अक्षराने पुढे सरकते, आणि दर वेळी ठसा नव्याने न काढता बाहेर गेलेले अक्षर वजा करून आत आलेले मिळवले जाते. त्यामुळे सरकलेला मजकूरही ओळखू येतो. हा पहिला ठसा कच्चा असतो. तो जुळला की दुसऱ्या, पक्क्या ठशाने खात्री करून घेतात.

कॉलिन फिप्स यांच्या झेडसिंकने हे गणित उलटे फिरवले. नव्या इमेजचे ठसे एका लहान फाइलीत आधीच काढून ठेवायचे. आपला संगणक ती फाइल आणतो, आपली जुनी इमेज तिच्याशी ताडून पाहतो आणि जे तुकडे सापडत नाहीत तेवढेच मागवतो. देणाऱ्या संगणकाला काहीच श्रम नाहीत. उबुंटूच्या इमेजसोबत अशी ठशांची फाइल ठेवलेली असते.

मात्र सगळीकडे सारखाच लाभ होईल असे मानू नये. इमेजच्या आत मजकूर दाबून लहान केलेला असतो, आणि दाबलेल्या मजकुरात आत एक अक्षर बदलले तरी त्या दाबलेल्या गठ्ठ्याचे रूप पालटते. म्हणून लागोपाठच्या दोन आवृत्त्यांत बचत होते, दोन वर्षांच्या अंतराने फारशी होत नाही. डेबियनच्या मोठ्या इमेजची रचना वेगळी. ती हजारो सुट्या पॅकेजांची मोट असते. त्यांच्यासाठी जिग्डो नावाचे साधन आहे. ते जुन्या इमेजमधली न बदललेली पॅकेजे जशीच्या तशी उचलते, बदललेली तेवढी आणते आणि नवी इमेज जुळवते. थोडक्यात, प्रत वेळच्या वेळी अद्ययावत करणाऱ्याला कष्ट कमी पडतात. साठवून ठेवणाऱ्याला पुन्हा सगळेच आणावे लागते.

इतके झाल्यावरही एक काम उरते, आणि आम्ही ते कधी टाळत नाही. जुन्या-नव्या तुकड्यांतून जुळवलेली प्रत अक्षरशः मुळाबरहुकूम आहे ना, हे पाहायचे. मूळ झेडसिंकला एचटीटीपीएसचा सुरक्षित मार्ग कळत नाही, तेव्हा वाटेत कोणी ढवळाढवळ केली नाही याची खात्री आपणच करून घ्यावी लागते. प्रकाशकांनी संपूर्ण इमेजचा शा-२५६ हा ठसा जाहीर केलेला असतो आणि त्या यादीवर त्यांची अंकीय स्वाक्षरी असते. आधी स्वाक्षरी तपासायची, मग ठसा. एका बिटाचा फरक असला तरी ठसा जुळत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली भर घालू नये, अशी ताकीद शेवटी देऊन ठेवली. ती ताकीद पाळली गेली की नाही, हे ताडण्याचे साधन मात्र पुढच्या वाचकाच्या हाती नव्हते. आज ते आहे, पण ते वापरणारे थोडे. आमच्याकडून पेनड्राइव्ह घेऊन जाणारी मुले ठसा तपासत नाहीत; गुरुजनांनी दिले म्हणजे बरोबरच असणार, असे धरून चालतात. त्यांच्या वाट्याची तपासणी म्हणूनच आम्ही करतो, आणि प्रतीवर तारीख लिहून देतो.