बोळातलं पाणी

डहाणू, मे महिना

ती. ताईस,

तलासरीच्या घराच्या कडेच्या बोळाला यंदा फरशी घालायचीच, असं तू कळवलंस म्हणून गवंडी जागा बघून आला. बोळ साडेतीन फूट रुंद, चाळीस फूट लांब. टेप काढायच्या आधी त्याने भिंतीच्या पायथ्याशी अंगठा घासला, तर गिलाव्याचा चुरा हातात आला. म्हणाला, "फरशीचं नंतर बघू. पाणी जातं कुठे, ते दाखवा."

पाण्याचा हिशोब मजेशीर आहे. कौलांची एक अख्खी उतरण या बोळात रिती होते. छपराची बारा फुटांची बाजू आणि बोळ मिळून 620 चौरस फूट भरतात. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खात्याच्या लेखी तो जोरदार. इथे जुलैत 100 मिलिमीटरचा दिवस काही नवलाचा नाही. तेवढ्या पावसात या चिंचोळ्या पट्टीत 5,700 लिटर पाणी उतरतं. एक छोटा टँकर भिंतीला लावून नळ सोडून द्यावा, तसं.

वारली घरांना ही अडचण ठाऊक होती. कारवीच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा, म्हणजे भिंत पाण्याला भिणारी. म्हणून छप्पर इतकं खाली ओढलेलं की पागोळी भिंतीपासून लांब पडावी. पक्क्या घरांनी वळचण आखडती घेतली आणि सिमेंटवर भरवसा ठेवला. वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही म्हणतात. भिंतीतली ओल मात्र बिनदिक्कत वर चढते. आपल्या घराचा जुना भाग मातीत बांधलेल्या दगडविटांचा आहे. माती भिजली की दगडाला दगड धरून ठेवायची तिची ताकद जाते.

एरवी हे वर्षा-दोन वर्षांनी गिलावा करून निभावलं असतं. पण नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या आसपास लहान-लहान धक्क्यांची माळच लागली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये एक धक्का 4.1 तीव्रतेचा बसला. भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत बाहेर झोपली, प्रशासनाने तंबू दिले. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या धक्क्यांचा संबंध खोल झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याशी जोडला. घाबरू नकोस, आपल्या बोळातल्या पाण्याने भूकंप होणार नाही! पण धक्का आलाच, तर पायथ्याशी भिजून मऊ झालेली भिंत आधी बसते. मातीच्या घरांसाठीचं भारतीय मानक, आयएस 13827, भूकंपाबरोबर पाण्यापासूनच्या बचावावरही भर देतं, ते उगाच नाही.

आता काम. गावोगाव होणारी चूक अशी, की जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर फरशी, आणि तीन थरांनंतर बोळ जोत्याच्या डोक्यावर येऊन बसतो. मग पाणी थेट घरात. म्हणून जुना थर आधी खणून काढायचा. खाली मुरूम धुम्मसने ठोकायचा, त्यावर दगडाचं सोलिंग, मग तीन इंच काँक्रीट. ढाळ दोन दिशांना हवा: आडवा, भिंतीपासून कुंपणाकडे पाऊण इंच, आणि लांबीने दर दहा फुटाला दीड इंच, म्हणजे टोकापर्यंत सहा इंच. कुंपणालगत उथळ नाली, टोकाला जाळीचं चेंबर. वर वळचणीला पन्हळ आणि खाली चार इंची पाइप. आंब्याची पानं पन्हळीत अडकणार, तेव्हा शिडी कायम हाताशी ठेवावी लागेल.

हा ढाळ गवंडी डोळ्यांनी मापत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरतो, बुडबुडे काढतो, एक टोक कोपऱ्यावर आणि दुसरं चाळीस फुटांवर धरतो. दोन्हीकडचं पाणी जिथे थांबेल तिथे भिंतीवर खूण, आणि त्या खुणेपासून खाली इंच मोजायचे. साधी नळी, पण लेझरवाल्यालाही खोटं पाडते असा त्याचा दावा.

पेव्हर ब्लॉकचा तुझा हट्ट त्याला पटला नाही, आणि त्याचं बरोबर आहे. ब्लॉकच्या फटींतून पाणी खालच्या कचात उतरतं आणि भिंतीला बिलगून बसतं. अंगणात ते चालतं, बोळात नको.

टोकाला आलेलं पाणी सोडायचं कुठे, हा खरा भांडणाचा भाग. शेजारच्या वाडीत सोडलं तर आज ते हसतील, उद्या तलाठ्याकडे जातील. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा चाललेल्या वापराला हक्काचं रूप येतं. म्हणूनच शहाणा शेजारी पहिल्याच पावसात तक्रार करतो. सेप्टिक टाकीत तर पावसाचं पाणी मुळीच नको. टाकीतला गाळ ढवळून बाहेर येतो. मोरीच्या पाण्याला शोषखड्डा पुरेल. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही घालवले, त्याचा गवगवा झाला होता. पण जुलैतले हजारो लिटर त्यात कोंबणं म्हणजे वाटीत घागर ओतणं. किनाऱ्यालगत तर भर पावसात भूजलच इतकं वर येतं की खड्डा खालूनच भरतो. तेव्हा पागोळीचं पाणी पाइपने पुढच्या रस्त्याच्या गटारात, आणि शोषखड्डा मागे, भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब.

मिरग 7 जूनला. काँक्रीटवर निदान आठवडाभर पाणी मारायला हवं, म्हणजे ओतायचं काम महिनाअखेरीच्या आत उरकलं पाहिजे. गवंडी सोमवारी खणायला येतो म्हणतो. तुळशीवृंदावन बोळाच्या तोंडाशी, नेमकं नालीच्या वाटेवर आहे. ते हलवायचं की नाली वळवायची, ते रविवारच्या आत फोन करून सांग. आई म्हणते, नालीच वळवा.

तुझा धाकटा भाऊ