नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वारानं केवढा फरक पडतो! आईबाप बाळाचं नाव ठेवतात ते एकदाच, बारशाला. लोक नावं ठेवतात ती जन्मभर. विल्यम या नावाचा इतिहास चाळताना हे दोन वाक्प्रचार आपल्या भाषेत असे शेजारी शेजारी नांदतात ते उगाच नव्हे, असं वाटू लागतं. 1066 मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जच्या लढाईत त्यानं हॅरॉल्ड राजाला हरवलं आणि इंग्लंड घेतलं. त्याआधी हे नाव इंग्लंडमध्ये परदेशी पाहुण्याचंच असायचं. बाराव्या शतकाच्या अखेरीस मात्र ते तिथल्या पुरुषांचं सर्वांत सामान्य नाव झालं होतं. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचं नाव आपल्या पोरांना दिलं. ‘यथा राजा तथा प्रजा’ म्हणून हा विषय मिटवता येतो आणि बरेचजण तसाच मिटवतात. मला ते उत्तर अर्धं वाटतं. राजाचं अनुकरण झालं हे खरं, पण ते आदरापोटी झालं की धाकापोटी? माझं मत असं की दोन्हींपेक्षा मोठा वाटा एका तिसऱ्याच गोष्टीचा आहे. ती म्हणजे हसं होण्याची भीती.

आधी नावाच्या अर्थाचा हिशोब चुकता करू, कारण नावांच्या पुस्तकांत सगळा भर त्यावरच असतो. विल म्हणजे इच्छा किंवा निर्धार, हेल्म म्हणजे शिरस्त्राण; दोन्ही शब्द जुन्या जर्मानिक भाषांतले. पण हे शब्द इंग्रजांना परके नव्हतेच. त्यांची स्वतःची नावं अशीच दोन तुकडे जोडून होत. एडवर्ड म्हणजे संपत्ती आणि रक्षक, लिओफ्रिक म्हणजे प्रिय आणि सत्ता. या जोड्यांतून एकसंध अर्थ निघावा अशी अपेक्षाही नसे. तुकडे घराण्याचे असत आणि दर पिढीत नव्यानं जुळवले जात. वूस्टरचा बिशप वुल्फस्टन याच्या बापाचं नाव एथेलस्टन, आईचं वुल्फगिफू. आईचा ‘वुल्फ’ घेतला, बापाचा ‘स्टन’ घेतला, झालं मुलाचं नाव. केवढी सुंदर पद्धत! आईबाप दोघंही नावात हजर, आणि तरी मूल कोणाची नक्कल नाही. अर्थावरच नाव टिकत असतं तर ही नावं विल्यमपेक्षा तसूभरही कमी नव्हती. हा वुल्फस्टन नॉर्मन राजवटीतही बिशपपदावर राहिला आणि 1095 मध्ये वारला, पुढे संतही ठरला. तरी त्याच्या नावाची परंपरा काही चालली नाही.

मग झालं काय? त्या काळच्या नोंदींत तीन माणसं भेटतात, आणि तिघांची गोष्ट एकाच दिशेला बोट दाखवते. पहिला ऑर्डेरिक, 1075 मध्ये श्रूजबरीजवळ जन्मलेला, इंग्रज आईचा आणि फ्रेंच बापाचा मुलगा. दहा वर्षांचा असताना त्याला नॉर्मंडीतल्या सेंट एव्हरूच्या मठात पाठवलं. तिथल्या लोकांच्या कानाला त्याचं इंग्रजी नाव कर्कश वाटलं, म्हणून ते बदलून व्हिटालिस केलं. हे त्यानंच पुढे आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवलं. दुसरी राजकन्या एडिथ, जुन्या इंग्रज राजवंशातली, 1100 मध्ये पहिल्या हेन्रीशी लग्न लागलेली. राणी झाल्यावर तिची माटिल्डा झाली. तरीही नॉर्मन सरदार राजाराणीला पाठीमागे ‘गॉड्रिक आणि गॉडगिफू’ म्हणत. ही दोन अस्सल इंग्रजी नावं. आपल्याकडे एखाद्या संस्थानिकाच्या जोडीला कोणी ‘धोंडू आणि गंगू’ म्हणावं तसा हा प्रकार. त्यांच्या मुलाला इंग्रज युवराजाची ‘एथेलिंग’ ही उपाधी होती, पण नाव ठेवलं होतं विल्यम.

तिसरा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो ना राजघराण्यातला ना नॉर्मन मठात वाढलेला. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबीला जन्मलेला हा मुलगा, आईबापांनी त्याचं नाव टोस्टी ठेवलेलं. इंग्लंडच्या उत्तर भागात स्कँडिनेव्हियन वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांच्यातलं हे नाव. बरोबरीची पोरं त्याला चिडवू लागली, तेव्हा ते नाव बदलून विल्यम केलं. पुढे तो साधू झाला, फार्न बेटावर एकटा राहिला आणि बार्थोलोम्यू या तिसऱ्या नावानं संत म्हणून ओळखला गेला. त्याच्या चरित्रात ही हकीकत आली आहे. आता हा यॉर्कशर कोणता? 1069-70 च्या हिवाळ्यात विजेत्या विल्यमनं बंड मोडण्यासाठी गावंच्या गावं जाळली, धान्य आणि जनावरं नष्ट केली, माणसं उपासमारीनं मेली, तोच. त्या भागात दोन-तीन पिढ्यांत विल्यम हे नाव चिडवाचिडवीपासून सुटका देणारं ठरलं. हा आदर म्हणावा तर कसा? आणि धाक म्हणावा तर पोरांच्या टोळक्यात राजाचा कोणता शिपाई बसला होता?

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला चर्चचा. युरोपात नावं संतांमुळे पसरली, मग विल्यम वेगळा कसा? उत्तर काळाच्या क्रमात आहे. हे नाव बायबलात नाही. शार्लमेनच्या काळचा योद्धा ग्यिओम, ज्यानं दक्षिण फ्रान्समध्ये गेलोनचा मठ स्थापला, तो संत झाला खरा; पण तो होऊन गेल्यावर अडीचशे वर्षं लोटली तरी इंग्लंडला त्या नावाची ओढ लागली नव्हती. संतांचीच नावं ठेवा असा आग्रह कॅथॉलिक चर्चनं नेटानं धरला तो सोळाव्या शतकात, ट्रेंटच्या परिषदेनंतर. शिवाय इंग्रज तर सातव्या शतकापासूनच ख्रिस्ती होत होते. धर्मांतराबरोबर नाव बदलण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात बाप्तिस्म्याबरोबर जुनं नाव जाऊन नवं आलं, त्यातच या नावाचं गिल्येर्म हे पोर्तुगीज रूपही आलं. इंग्लंडमध्ये तशी सक्ती करणारा कोणी नव्हता, म्हणून तर हे उदाहरण पारखण्याजोगं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: लाजबीज कसली, सरळ स्वार्थ होता. जमीन नॉर्मन धन्याची. तो किंवा त्याची बायको पोराचे धर्मपिता-धर्ममाता झाले, तर त्यांचंच नाव पोराला मिळणार आणि पुढे चार गोष्टी सोप्या होणार. हे मी बऱ्याच अंशी मान्य करतो. सुरुवातीच्या पिढीत वाड्याजवळच्या घरांना हे कारण पुरेसं असेल. पण धन्याची नजर जिथे पोचत नव्हती अशा कुळांच्या आणि कारागिरांच्या घरांतही ही नावं पोचली, आणि स्वार्थाची गरज संपल्यावर परत गेली नाहीत. तिसरा आक्षेप रक्ताचा, म्हणजे मिश्र विवाहांचा. पण जेते मूळ लोकसंख्येच्या मानानं मूठभर होते. एवढे विल्यम जन्माला घालणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. उलट एक बारकावा माझ्या बाजूनं बोलतो. पुरुषांची नावं आधी बदलली, बायकांची रेंगाळत मागून. नॉर्मंडीहून पुरुष जास्त आले, स्त्रिया कमी, त्यामुळे बायकांच्या जगात तुलनेला नवी नावं थोडी होती. जिथे तुलना करणारा शेजारी नाही, तिथे जुन्या नावाची लाजही उशिरा वाटते.

खुद्द नॉर्मनांचं तरी हे नाव कुठे होतं? 911 च्या सुमारास फ्रान्सच्या राजाकडून प्रदेश मिळवणारा रोलो हा उत्तरेकडून आलेला व्हायकिंग. त्याच्या मुलाचं नाव मात्र विल्यम, फ्रँक लोकांकडून घेतलेलं. म्हणजे इंग्रजांनी ज्यांची नक्कल केली त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांची नक्कल केली होती, आणि तीही आपणच लुटलेल्या लोकांची! इथे तलवार एकाच्या हातात आणि प्रतिष्ठा दुसऱ्याकडे असा उलटा हिशोब होता. म्हणून ‘जेत्याचं नाव पसरतं’ हा नियम मला पुरेसा वाटत नाही. ज्यांच्यासमोर आपलं नाव गावंढळ वाटतं त्यांचं नाव पसरतं. ते दर वेळी जेतेच असतील असं नाही.

तेराव्या शतकातही हाच धागा दिसतो. तोवर जुनी इंग्रजी नावं जवळपास नामशेष झाली होती. तेव्हा तिसऱ्या हेन्रीनं संत राजा एडवर्डवरच्या भक्तीपोटी 1239 मध्ये आपल्या मुलाला एडवर्ड आणि 1245 मध्ये धाकट्याला एडमंड अशी नावं दिली. एडमंड हाही जुना इंग्रज संत राजा, डेन लोकांनी मारलेला. इथे भक्तीचं काम होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण संतपद वुल्फस्टनलाही मिळालं होतं. फरक एवढाच, की एडवर्डला हसण्याची सोय आता कोणाला उरली नव्हती.

नक्कल मात्र महागात पडते. 1171 च्या नाताळात नॉर्मंडीत ब्यूर इथे तरुण राजा हेन्रीचा दरबार भरला होता. दोन विल्यम नावाच्या अधिकाऱ्यांनी एका दालनात पंगत मांडली आणि ज्याचं नाव विल्यम नाही त्यानं बाहेर जावं असं फर्मावलं. तरी शंभराहून अधिक सरदार उरले, असं मोंट सेंट मिशेलचा मठाधिपती रॉबर्ट लिहितो. गंमत खरी, पण कारभाऱ्याच्या डोक्याला ताप. तुकडे जुळवून नावं करण्याची जुनी पद्धत गेली आणि मूठभर नावांवर सगळा देश चालू लागला; मग कोणता विल्यम हे सांगायला गाव, धंदा, बाप काहीतरी जोडणं आलं. आडनावं रुजायला इतरही कारणं होती, पण विल्सन, विल्यम्स, विल्किन्सन ही आडनावं या गर्दीचीच अपत्यं. जेत्याचं नाव एवढ्या विल्सनांच्या पूर्वजांनी वापरल्यावर त्यात जेता उरणार किती? लवकरच जॉननं त्याला पहिल्या क्रमांकावरून खालीही ढकललं.

नावातून जेता कसा सुटून जातो हे पाहायला आयर्लंडला जावं. 1690 मध्ये बॉइन नदीकाठी तिसऱ्या विल्यमनं कॅथॉलिक राजा जेम्सला हरवलं. अल्स्टरचे प्रॉटेस्टंट आजही दर 12 जुलैला मिरवणुका काढून ‘किंग बिली’चा जयजयकार करतात. याच नावाचं आयरिश रूप उलिअम, आणि त्याचा शेपटाकडचा तुकडा लिआम. इंग्रजांशी लढलेल्या प्रजासत्ताकवाद्यांचा सेनापती लिआम लिंच 1923 मध्ये मारला गेला, तो या तुकड्याचा धनी. एकाच नावाचं डोकं एका पक्षाकडे, शेपूट दुसऱ्याकडे. अमेरिकेत 2017 पासून हे शेपूट मुलग्यांच्या नावांत सलग काही वर्षं पहिलं राहिलं, आणि तिथल्या आईबापांना ना हेस्टिंग्ज आठवतं ना बॉइन.

हा तिसरा विल्यम जन्मानं डच, हेगचा विलेम. कलकत्त्याच्या किल्ल्याला त्याचं नाव दिलं गेलं: फोर्ट विल्यम. त्याच किल्ल्याच्या नावानं 1800 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी कॉलेज निघालं आणि त्यात बंगाली, संस्कृत व मराठी शिकवायला मिशनरी विल्यम कॅरी आला. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं मराठीचं व्याकरण रचलं, 1805 मध्ये ते छापलं, 1810 मध्ये कोशही काढला. राजाच्या नावाच्या कॉलेजात मराठीचे विभक्ती-प्रत्यय लावत बसलेला हा विल्यम नॉर्थॅम्प्टनशरच्या एका खेड्यातला, पूर्वी जोडे शिवून पोट भरणारा. त्याचा बाप आधी विणकर होता, मग गावचा शाळामास्तर झाला. त्याचं नाव एडमंड.