मागच्या आसनाचा प्रश्न

मोटारीला चार चाके असतात हे लहान मूलही सांगेल. परंतु मोटारीत माणूस सुखाने बसू शकतो तो चाकांमुळे नव्हे, तर चाके आणि आसन यांच्यामधील व्यवस्थेमुळे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ती व्यवस्था बिघडेपर्यंत तिचे नावही कोणी घेत नाही. आमच्या घरी मात्र २०२४ सालचे चार-पाच महिने ते नाव रोज जेवणाच्या पंगतीत निघत असे. गॅरेजमधील मंडळी त्या वस्तूला ‘शॉकअप’ म्हणतात, शिकलेले लोक शॉक अ‍ॅब्झॉर्बर म्हणतात. ‘धक्काशोषक’ असा मराठी शब्दही आहे. पण तो उच्चारला तर दुकानदार आपल्याकडे नुसते पाहत राहतो.

आमची मोटार प्रीमियर पद्मिनी, १९७४ साली नोंदलेली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून इटालियन फियाट अकराशेची भारतीय आवृत्ती बाहेर पडू लागली. तिलाच १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईकरांनी ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन पिढ्या वापरली. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. आमच्या बाबांनी ही गाडी कोणाकडून तरी जुनी म्हणून घेतली होती. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाने मोटार घ्यावी हे त्या काळी थोडे धाडसच होते. बाबा गेले, शहराचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, आम्ही तिघे भावंडे आपापल्या संसारांत वाटली गेलो. गाडी मात्र आईच्या अंगणात राहिली, आणि चालती राहिली.

या गाडीबद्दल आम्हांला भाबडी माया आहे, असे कोणी समजू नये. प्रश्न आईचा होता. तिचे वय त्र्याऐंशी. हाडे ठिसूळ होऊन पाठीचा एक मणका दबलेला. डॉक्टरांनी सांगितले, बसायला हरकत नाही, फिरायला न्या, पण हिसका बसता कामा नये. धाकट्याची नवी मोटार सर्व सोयींनी युक्त आहे. पण तिच्यात बसायचे म्हणजे आईला वाकून, वळून, खड्ड्यात उतरावे तसे आत उतरावे लागते. पद्मिनीचे मागचे आसन खुर्चीसारखे ताठ आणि उंच. आई दाराशी पाठमोरी होते, बसते, आणि मग पाय आत घेते. म्हणून रविवारची मिस्सा असो की दवाखाना, तिला हीच गाडी हवी असे. आणि नेमके हेच मागचे आसन आता प्रत्येक गतिरोधकानंतर तीन-चार वेळा वर-खाली झुलत होते. पहिला धक्का आई ओठ मिटून सोसत असे. पुढच्या दोन-तीन हिंदोळ्यांना मात्र तिच्या तोंडून ‘येशू’ निघत असे. आरशात तिचा चेहरा दिसे. गाडी चालवणाऱ्याला तो पाहवत नसे.

आमच्या मिस्त्रीचाचांनी परीक्षा केली ती अगदी साधी. डिकीचा एक कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडून दिला. गाडीचे अंग वर आले, पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. निरोगी गाडी वर येऊन जागच्या जागी स्थिर होते. मग ते खाली वाकले आणि शॉकअपच्या नळकांड्यावर बोट फिरवून तेलात मिसळलेली काळी माती आम्हांला दाखवली. आतले तेल झिरपून गेले होते.

येथे आमच्यातील धाकट्याने एक सूचना केली. गाडी मागून थोडी बसल्यासारखी दिसते, तेव्हा चांगले कडक, वायू भरलेले शॉकअप टाकावेत, म्हणजे ती उचलली जाईल आणि झुलणेही थांबेल. सूचना ऐकायला पटण्यासारखी होती. चाचांनी ती ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाले, “ओझे पाटे उचलतात, बाळ. शॉकअप ओझे उचलत नाही.” पद्मिनीच्या मागच्या अखंड आसाला दोन्ही बाजूंस कमानीसारखे वाकलेले, एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. गाडीचे आणि माणसांचे वजन त्यांच्यावर असते. खड्डा आला की पाटे दबतात आणि दबलेली शक्ती परत फेकतात. शॉकअपचे काम त्या परत फेकलेल्या शक्तीला आवर घालण्याचे. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा. दट्ट्या हलला की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते, तेथे त्याची दमछाक होते, आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलून हवेत विरून जाते. खराब रस्त्याने दहा मैल आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळेच. वायू भरलेल्या प्रकारात तेलाला फेस येत नाही हा त्याचा खरा गुण. थोडासा उचलही तो देतो, पण थकलेल्या पाट्यांची भरपाई त्याने होत नाही. उलट गरजेपेक्षा कडक शॉकअप रस्त्यातला प्रत्येक लहान खडा आसनापर्यंत पोचवतो. तरुण माणसाला त्यात गाडी ‘पक्की’ वाटते. दबलेल्या मणक्याला काय वाटेल, हे विचारण्याची गरज नव्हती.

तेव्हा आधी पाटे उतरवले. डाव्या बाजूचा एक पाटा तडकलेला निघाला. तो बदलून, बाकीच्यांना नवी कमान देऊन, रबरी बुश नवे घालून पाटे परत बसवले. खर्चाचा मोठा भाग येथेच गेला. गाडी दिसायला सरळ झाली. झुलणे मात्र कायम राहिले.

जुने शॉकअप काढून, रॉकेलने धुऊन पाहिले तर एकावर पुसट झालेले ‘गॅब्रिएल’ हे नाव वाचता आले. आई ओसरीवर बसून सारे पाहत होती. “दूत गॅब्रिएल?” तिने विचारले. आम्ही हसलो, पण तिचा प्रश्न पुरता बरोबर होता. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी क्लॉड फॉस्टर नावाचा एक यंत्रकुशल, वाद्यप्रेमी गृहस्थ होता. त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर वाजणारा मोटारीचा भोंगा तयार केला आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूताच्या नावावरून त्याला गॅब्रिएल हे नाव दिले. पुढे त्याच कंपनीने धक्के आवरणारे साधन काढले आणि भोंग्याचे नाव त्याला चिकटले. १९६१ साली ते भारतात आले. आज गॅब्रिएल इंडियाचे कारखाने नाशिक आणि चाकण येथे आहेत. फॉस्टरची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५२ साली त्याने सोळा शैक्षणिक व सेवाभावी संस्थांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावले आणि आपली जवळजवळ सगळी संपत्ती, सुमारे चाळीस लाख डॉलर, त्यांना वाटून टाकली. आईला मशीन कळले नाही, पण हा माणूस तिला फार आवडला.

नव्या जोडीचा शोध हा मात्र कंटाळवाणा प्रकार होता. गंमत पाहा, शॉकअप या वस्तूची आमच्या शहरात वाण नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणारे उद्योग वाढले. एन्ड्युरन्स ही त्यांतली मोठी कंपनी तर दुचाकी-तिचाकींचे शॉकअपच बनवते. आमच्या नात्यातली, ओळखीतली किती मुले त्या पाळ्यांना जातात! आणि आम्ही पन्नास वर्षांच्या मोटारीसाठी एका जोडीच्या शोधात शहर पालथे घालत होतो.

एका दुकानदाराने माळ्यावरून धुळीने माखलेले खोके काढले. आत न वापरलेली, कोरी जोडी. त्याच्या म्हणण्यानुसार तीस वर्षांपूर्वीची, ‘असली’. आम्हांला मोह झाला. जुन्या गाड्यांचे शौकीन अशा मालासाठी वाटेल ती किंमत देतात. पण रबर वापरले नाही म्हणून म्हातारे व्हायचे थांबत नाही. दट्ट्याच्या दांड्याभोवतीचे सील पडून पडून कडक होते आणि बसवल्यावर थोड्याच दिवसांत तेल सोडते. दुसऱ्या एकाने वेगळ्याच गाडीचे शॉकअप बुश बदलून बसवून देतो म्हटले. तेव्हा आम्ही मापे घेतली: गाडी पूर्ण भरलेली असता किती अंतर उरते, आणि जॅकवर उचलून चाक लोंबकळू दिले तर ते किती होते. शॉकअप मिटल्यावर पहिल्या अंतराहून आखूड असला पाहिजे, नाहीतर मोठ्या खड्ड्यात तो आतून ठोकर खाऊन फुटेल; उघडल्यावर दुसऱ्याहून लांब असला पाहिजे, नाहीतर चाकाचे सारे वजन त्याच्यावर लोंबून त्याचे कान उखडतील. दुकानदाराची जोडी दुसऱ्या परीक्षेत बोटभर कमी पडली. बोटभराने काय होते, असे तो म्हणाला. आम्ही बाहेर पडलो.

याच सुमारास घरात दुसरा वाद उपटला, आणि तो वस्तूपेक्षा अवघड होता. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला आहे: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली खास पाटी. आमच्या गाडीला पन्नास वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. धाकट्याने अर्ज आणला. बाबांच्या गाडीचा मान होईल, तिला भंगारात कोणी काढू शकणार नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच नियमात पुढे लिहिले आहे की अशी मोटार रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे गाडीला मान मिळेल आणि आई अंगणात बसून राहील. आमच्या बहिणीने हे मोठ्याने वाचून दाखवले आणि चष्मा काढून ठेवला. त्या रात्री फारसे कोणी बोलले नाही. धाकट्याचे बाबांवर किती प्रेम आहे हे आम्हां सर्वांना माहीत आहे. म्हणूनच बोलणे जड गेले.

अखेर मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून नव्याने तयार झालेली, मूळ मापाची, साध्या तेलाची जोडी मागवली. चाचांनी प्रत्येक शॉकअप उभा धरून आठ-दहा वेळा सावकाश ओढला-दाबला. आडवे पडून आत गेलेली हवा अशी वर काढल्यावाचून तो बसवू नये, हे आम्हांला ठाऊक नव्हते. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले, कारण एक नवा आणि एक जुना असला की गाडी वळणावर बावचळते. बुशांच्या नटांना शेवटचा पिळा त्यांनी गाडी जॅकवरून उतरवून, तिचे वजन चाकांवर आल्यावरच दिला, म्हणजे रबर कायमचे पिळलेले राहत नाही. मग डिकीचा कोपरा दाबून सोडला. गाडी वर आली आणि थांबली.

पुढच्या रविवारी आईला घेऊन निघालो. पहिला गतिरोधक आला. धक्का बसलाच, तो नाहीसा करणारे यंत्र अजून कोणी काढलेले नाही. पण एकदाच बसला. आरशात पाहिले तर आई खिडकीतून बाहेर कोणाचे तरी नवे घर न्याहाळत होती. परतताना तिने विचारले, “वैजापूरकडचा रस्ता आता बरा झाला आहे म्हणतात ना?” तिला घोगरगावला जायचे होते. फ्रेंच मिशनरी फादर गुरियन जाकिए यांनी आयुष्य वेचले ते गाव. आईचे आजोळ तिकडचे. पाठ दुखू लागल्यापासून तिने त्या गावाचे नाव काढले नव्हते.

नाताळ होऊन गेल्यावर, थंडीत, तिला नेऊन आणले. वाटेत तीनदा थांबलो. गाडी धाकट्यानेच चालवली. व्हिंटेजचा तो अर्ज त्याने फाडलेला नाही; गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात, बाबांच्या हातच्या जुन्या पावत्यांखाली तो घडी करून ठेवला आहे.